भाईशेटच्या लाँचीचं गाऱ्हाणं

माझा काका गंगाराम गावकर हा देवमाणूस होता, असं आमच्या गावात अजून म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्याचा सख्खा पुतण्या, आणि मला विचाराल तर तो चिकट होता, तापट होता आणि एकदा एखाद्यावर दात धरला की त्या माणसाच्या तेराव्यालाही जेवायला जायचा नाही. मी त्याच्याविषयी लिहायला बसलो आहे ते त्याच्या याच गुणापायी. क्षमा वगैरे करणाऱ्यांची चरित्रं लिहायला दुसरे लोक आहेत.

आमचं गाव मालवणहून सहा मैल आत. तेव्हा जिल्हा रत्नागिरी. काकाची जमीन बेताची होती: भाताचे चार कुणगे, डोंगरउतारावर थोडे काजू आणि आठ हापूस कलमं. मालवणला बस सुरू झाली तरी हा चालतच जायचा, आणि घरी येऊन बसचे पैसे वाचवल्याचं इतक्या आनंदाने सांगायचा की ऐकणाऱ्याला आधी हसू यायचं आणि मग चीड. माझी आई, अक्का, म्हणायची, "तुझो काका स्वर्गात जायत तो पण चलत." कपडे दोनच, एक अंगावर, एक दांडीवर.

पण देवळात उभा राहिला की हाच माणूस ओळखू यायचा नाही. आमच्या रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे होता. कुणाला घर बांधायचं असो, कुणाचं जनावर हरवलेलं असो, कुणाची सून बाळंत व्हायची असो, माणूस नारळ घेऊन देवापुढे येतो. गाऱ्हाणं घालणारा त्याचं म्हणणं खणखणीत आवाजात देवाला सांगतो आणि जमलेला गाव एकेका वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो. यात दोन गोष्टी फार कडक. एकदा नारळ हातात घेऊन सुरुवात झाली की गाऱ्हाणं मध्ये कुणी मोडायचं नाही. मोडणाऱ्यावर ते उलटतं. आणि मागायला आलेल्या माणसाने स्वतःही प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. तो गप्प राहिला तर गाऱ्हाणं तिथेच थांबतं, नारळ फुटत नाही.

काकाचा आवाज भरदार होता. गाऱ्हाणं घालू लागला की खालच्या वाडीत शेण काढणाऱ्या बायकासुद्धा हातातलं काम सोडून "व्हय म्हाराजा" म्हणायच्या. कशाला म्हणतोय ते त्यांना ठाऊकही नसायचं. ते वाक्य आमच्या तोंडात इतकं बसलेलं होतं.

लग्नानंतर अकरा वर्षांनी त्याला आणि रुक्मिणीकाकीला एक मुलगी झाली, सुगंधा. तिच्यापुरता मात्र काकाचा चिकटपणा सुटला होता. तिला मालवणच्या शाळेत घातलं, पुढे मास्तरकीचं ट्रेनिंग करवलं, आणि सत्तावन्न साली ती रेडीच्या शाळेत मास्तरीण झाली. आमच्या घरातली पहिली पगारदार बाई. काका देवळात येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचा, "माझा चेडू सरकारी सहीचा आसा." त्याचा अर्थ कुणी विचारला नाही, कारण काका तेवढ्यानेच फुलून जायचा.

त्याच सुमाराला मालवणच्या भाईशेटने लाँच सुरू केली.

भाईशेट म्हणजे बाजारातलं बडं प्रस्थ. आमच्या गावचा आंबा त्याच्याच वखारीतून मुंबईला जायचा. मुंबईत कुणाच्या पोराला गिरणीत चिकटवायचं असेल, इकडे कुणाला कचेरीत लावायचं असेल, तर भाईशेटची चिठ्ठी न्यायची. माझी पोस्टातली कारकुनी त्याच्याच चिठ्ठीवर लागली होती, हे इथेच सांगून टाकतो. माणूस गोड बोलायचा, देवभोळा होता, आणि पैशाच्या बाबतीत माझ्या काकापेक्षा दहापट चिकट होता. फरक एवढाच की काका स्वतःच्या पोटाला चिमटा घ्यायचा आणि भाईशेट दुसऱ्याच्या.

तोवर मालवणहून वेंगुर्ल्याकडे जायचं तर आगबोट होती. ती बंदराबाहेर लांब उभी राहायची, तिथवर पडावातून जायचं. भाईशेटने मुंबईहून एक जुनाट मोटारलाँच आणली, तिला निळा रंग फासला, "दर्यालक्ष्मी" असं नाव घातलं आणि मालवण, वेंगुर्ले, रेडी अशी फेरी चालू केली. भाडं आगबोटीच्या निम्मं. चढायचं धक्क्यावरून, उतरायचं धक्क्यावर. लोक त्याला गरिबांचा शेट म्हणायला लागले.

आता त्या निम्म्या भाड्यात काय मिळायचं ते ऐका. परवाना पन्नास उतारूंचा, तो चौकटीत लावून लाँच हाकणाऱ्या तांडेलाच्या डोक्यावर टांगलेला. त्या चौकटीखाली शंभर माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. बाकं होती, पण निम्म्या बाकांवर भाईशेटच्या मालाची पोती असायची. प्यायच्या पाण्याचं एक मोठं पिंप होतं. त्याला नळ होता, झाकण होतं, फक्त पाणी नसायचं. कापडी छत इतकं फाटलेलं की उतारू छत्री उघडून बसायचे. आणि बुडत्याला धरायला म्हणून पांढऱ्या रंगाचे अठरा लाईफबेल्ट होते. ते चोरीला जाऊ नयेत म्हणून भाईशेटने जाड तारेने छपराच्या दांड्यांना आवळून बांधून ठेवले होते. कुणी काही बोललं की तिकीट फाडणारा म्हणायचा, "बारा आण्यात काय पालखी होयी तुका?" आणि आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा हसलो आहे.

अठ्ठावन्नच्या नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपवून सुगंधा रेडीला परत निघाली. शनिवारचा दिवस होता. वेंगुर्ल्याकडे कुठली तरी जत्रा होती, त्यामुळे धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तिची पत्र्याची ट्रंक मीच उचलून आत दिली. काका धक्क्यावर उभा राहून ओठ हलवत होता. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. तो माणसं मोजत होता. आम्ही नारळ मोजतो तशी, पाच-पाच करून.

"एकशे सात," तो म्हणाला.

भाईशेट धक्क्यावरच होता, इतकी माणसं नकोत म्हणणाऱ्या बाबू तांडेलाला सगळ्यांदेखत दम देत. काका त्याच्याकडे गेला. "शेट, माणसां जास्त झाली."

"गंगाराम, तू कडेवरची पोरां पण मोजतंस?" भाईशेट हसत म्हणाला. "आणि दर्याक वजन कळता काय रे?"

लाँच सुटली. सुगंधाने हात हलवला. ती मधल्या बाकावर दोन बायकांच्या मध्ये दाबून बसली होती आणि तिचा एकच हात वर येत होता. आम्ही घरी चालत आलो.

निवतीच्या पुढे इंजिन बंद पडलं. लाँच लाटांना आडवी झाली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि ती कलंडली. एकशेसातातली अठ्ठावीस गेली. अठरा लाईफबेल्ट छपरासकट पाण्याखाली गेले. आमच्या गावचा गुरुदास वाचला, कारण पाण्याचं ते पिंप रिकामं असल्यामुळे तरंगलं आणि त्याच्या हाताला लागलं. सुगंधा तिसऱ्या दिवशी वाळूवर मिळाली. ओळखायला मी गेलो होतो. त्याविषयी मी काही लिहिणार नाही.

चौकशी लागली. मालवणच्या कचेरीत मामलेदार आणि रत्नागिरीचे एक अधिकारी बसले. काकाने सांगितलं, एकशे सात होती. कशी मोजलीत विचारल्यावर म्हणाला, नारळ मोजतात तशी, पाच-पाच करून. अधिकारी हसले आणि म्हणाले, आपण दुःखात आहात, बसा. मग आमच्या गावचे अकरा साक्षीदार झाले. अकराही जणांनी सांगितलं की गर्दी बेताची होती. पन्नासेक असतील. गुरुदासाने तर सांगितलं की पिंपात गार पाणी होतं. ज्या पिंपाला धरून हा जीव वाचवून आला, त्या पिंपात पाणी होतं म्हणाला!

अकरावा साक्षीदार मी. मला विचारलं, "आपण धक्क्यावर होतात. किती उतारू होते?" मी शुद्ध कचेरीच्या मराठीत म्हणालो, "माझे लक्ष नव्हते." भाईशेट समोरच्या बाकावर बसून माझ्याकडे प्रेमाने बघत होता.

आम्ही असं का केलं? चिठ्ठ्यांची भीती होती हे खरंच. पण त्याहून लाजिरवाणी गोष्ट सांगतो. लोकांना लाँच परत हवी होती. भाईशेट अडकला तर फेरी कायमची बंद पडणार, मग पुन्हा आगबोट, पुन्हा पडाव, पुन्हा दुप्पट भाडं. मेलेले तर मेलेच होते. अठ्ठावीस माणसांच्या जिवावर आम्ही बारा आण्यांची सोय राखून ठेवली. निकाल लागला: अचानक आलेली लाट आणि तांडेलाचा निष्काळजीपणा. तांडेल बाबू बुडून मेलेलाच होता, त्यामुळे तो काही बोलायला आला नाही. त्याची बायको सावित्री मालवणच्या बाजारात मासळी विकायची, तिला पुढे कितीतरी दिवस लोक "बुडव्याची बायल" म्हणत होते.

निकाल ऐकून काका उठला, पायऱ्या उतरला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाळा, मी ह्या माणसाक सोडूचंय नाय." आवाज अगदी साधा होता. त्या दिवसापासून चार वर्षं तो फक्त सूड घ्यायचा म्हणून जगला. शेती करायचा, जेवायचा, गाऱ्हाणी घालायचा, पण सगळं करून उरलेल्या वेळात भाईशेट.

पहिलं वर्ष अर्जांत गेलं. कलेक्टर, बंदर खातं, मुंबईचे मंत्री. अर्ज लिहायला माझ्याकडेच यायचा. साक्षीबद्दल एक अक्षर बोलायचा नाही, नुसता समोर बसून मजकूर सांगायचा, आणि मी मान खाली घालून लिहायचो. माझ्यावरचा सूड तो असा घेत होता. सगळ्या अर्जांना उत्तर एकच, प्रकरण निकाली काढण्यात आले आहे.

दुसऱ्या वर्षी त्याने भाईशेटच्या वखारीत आंबा घालणं बंद केलं. आठ कलमांचा आंबा डोक्यावरून देवगडच्या रस्त्याला नेऊन मिळेल त्या भावाला विकला. भाईशेटला त्याचा पत्ताही लागला नाही. हजारो पेट्यांत आठ झाडं कुठली? मग एका दुपारी तो रॉकेलची बाटली घेऊन मालवणला गेला. निवतीहून ओढून आणलेली दर्यालक्ष्मी किनाऱ्यावर दुरुस्तीला उभी होती. तासभर तिच्या सावलीत बसला आणि बाटली तशीच घेऊन परत आला. मी विचारलं तर म्हणाला, "जाळली असती, पण मगे तेका विम्याचे पैशे गावले असते." आणि त्या बाटलीतलं रॉकेल त्याने महिनाभर घरच्या चिमणीला पुरवलं.

तिसऱ्या वर्षी तो शांत झाला. लोक म्हणाले, विसरला. अक्का म्हणाली, "देवान तेका बुद्धी दिली." मला मात्र त्याच्या शांतपणाची भीती वाटायची. रुक्मिणीकाकी आपली कामं करत होती, दळत होती, गुरांना पाणी दाखवत होती. तिच्या मनात काय चाललंय हे विचारायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही.

बासष्ट साली गणपती झाल्यावर बातमी आली की भाईशेटने नवी लाँच घेतली. नाव "नवी दर्यालक्ष्मी". निर्लज्जपणाची हद्द बघा, नावसुद्धा बदललं नाही. पण एक अडचण होती. लोकांना स्वस्त भाडं हवं होतं, पण पहिलं पाऊल कुणी टाकेना. मालवणात कुणी म्हणालं की आसपासच्या गावांनी आमच्या रवळनाथापुढे गाऱ्हाणं झालं तरच चढणार असं ठरवलंय. भाईशेटला ते मनापासून पटलं. सांगितलं ना, देवभोळा होता. त्याने आमच्या मानकऱ्यांकडे निरोप पाठवला की मी नारळ घेऊन येतो, गाऱ्हाणं घाला.

मानकरी काकाकडे आले. मीही होतो. सगळ्यात म्हातारे बाबा मानकरी चाचरत म्हणाले, "गंगाराम, तुका जमाचा नसात तर आमी दुसऱ्या कोणाक सांगतो."

"कित्याक?" काका म्हणाला. "देवाकडे येणाऱ्याक नाय कसा म्हणू? येऊ दे. मीच घालतंय."

मानकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाव म्हणाला, काय हे मन! देवमाणूस ही पदवी त्याला त्या दिवशी मिळाली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. नारळ मोजताना असायचे तसे त्याचे ओठ हलत होते.

सोमवारी सकाळी देऊळ भरलं. भाईशेट पांढरं धोतर, रेशमी उपरणं अशा थाटात आला. बरोबर बंदर खात्याचे साहेब. नव्या लाँचीचा परवाना द्यायला आले होते आणि लोकांचा किती विश्वास आहे हे दाखवायला भाईशेट त्यांना जीपमध्ये घालून देवळात घेऊन आला होता. ही त्याची चूक. साहेब देशावरचे, त्यांना आमची बोली कळेना. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कुणीतरी मला समजावून सांगा." पोस्टातला माणूस म्हणून मला त्यांच्याशेजारी उभं केलं.

काकाने नारळ हातात घेतला. भाईशेट हात जोडून देवासमोर उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ घुमलं.

"आज ह्यो तुझो लेकरू भाईशेट नवी लाँच घेवन तुझ्या पायाकडे इलो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भाईशेटचा आवाज सगळ्यांच्या वर.

"तेच्या धंद्याक बरकत येवची असा तेचा मागणा आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण नवा मागूच्या आधी जुना सांगूक होया, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे त्याच लयीत म्हणून गेलो. भाईशेटही.

"ह्येच्या जुन्या लाँचीक पन्नास माणसांचो परवानो होतो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." हा होकार जरा पडला.

"आणि त्या शनवारी ह्येना एकशे सात माणसां भरल्यान, म्हाराजा!"

देऊळ गप्प झालं. भाईशेटने मान वळवून मानकऱ्यांकडे बघितलं. मानकरी जमिनीकडे बघत होते. गाऱ्हाणं मोडायची हिंमत कुणात नव्हती. काका त्याच्याकडे बघतच नव्हता. देवाकडे तोंड करून, नारळ धरून, थांबला होता.

इथे आमच्या लोकांची एक गोष्ट बाहेरच्याला कळायची नाही. मामलेदारासमोर शपथ घेऊन धडधडीत खोटं बोलताना आम्हाला काही वाटलं नव्हतं. ते सरकार होतं. सरकारला खोटं सांगायचं असतंच. पण रवळनाथासमोर, नारळ हातात असताना, खऱ्याला होकार न देता गप्प राहायचं? मागून गुरुदासाचा आवाज आला, पिंप धरून वाचलेल्या गुरुदासाचा. रडत म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग एक, मग दुसरा, मग सगळा गाव. भाईशेटचे ओठ तीनदा उघडून मिटले. चौथ्यांदा त्यातून बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खिशातून वही काढली.

"जीव वाचवूच्या अठरा चाकांक ह्येना तारेन बांधल्यान, आणि ती कोणाक सोडूक इली नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बाबू तांडेल म्हणत होतो, इतकी माणसां नको. तेका ह्येना दम दिल्यान, आणि मेल्यावर तेच्याच नावार दोष ठेवल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता गाव ओरडत होता. मला सांगायला लाज वाटत नाही, माझ्या अंगात त्या क्षणी आनंदाचं वारं शिरलं होतं. भाईशेटचं रेशमी उपरणं घामाने अंगाला चिकटलं होतं, आणि एकेका वाक्याला त्याला स्वतःच्या तोंडाने हो म्हणावं लागत होतं. वाटलं, हे गाऱ्हाणं संध्याकाळपर्यंत चालावं.

"आणि मामलेदारापुढे ह्या गावचे अकरा जण खोटा बोलले. त्यात माझ्या भावाचो झील बाळो होतो, म्हाराजा!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "आता काय म्हणाले?"

"ते म्हणतात, खोटी साक्ष देणाऱ्यांत त्यांचा पुतण्या होता."

"कुठे आहे तो?"

"मीच तो, साहेब," मी म्हणालो, आणि देवाकडे वळून जमेल तेवढ्या मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणालो.

लाँचीचं पुढे काय झालं ते आधी सांगून मोकळा होतो. साहेबांनी परवाना दिला नाही. महिन्याभरात चौकशी पुन्हा उघडली. अकराच्या अकरा जणांनी, माझ्यासकट, या वेळी खरं सांगितलं. देवासमोर हो म्हटल्यावर परत फिरणार कुठे? भाईशेटवर खटला झाला, दंड झाला, आणि त्याला उतारू न्यायला कायमची बंदी झाली. नवी लाँच दोन पावसाळे वाळूवर उन्हापावसात पडून राहिली, मग मुंबईचा कुणी दलाल येऊन घेऊन गेला. बाबू तांडेलाचं नाव सरकारी कागदावर साफ झालं. सावित्री त्या दिवशी कचेरीच्या पायरीवर बसली, भाईशेट बाहेर पडेपर्यंत हलली नाही, आणि तो बाहेर आल्यावर त्याच्या पायाशी थुंकली. बरं केलं तिने. मला कुणी नोकरीवरून काढलं नाही, काढायला हवं होतं.

पण गाऱ्हाणं तिथे संपलेलं नव्हतं. आम्हाला वाटलं आता काका नारळ फोडणार. त्याने फोडला नाही.

"आता माझा, म्हाराजा!" तो म्हणाला. आवाज तोच, खणखणीत.

"व्हय म्हाराजा!" आम्ही सवयीने ओरडलो.

"आदल्या सांजेक माझा चेडू म्हणत होता, बाबा, माका त्या लाँचीची भीती वाटता, मी आयतवारच्या आगबोटीन जातंय. आगबोटीक बारा आणे जास्त, म्हाराजा!"

हे कुणाला ठाऊकच नव्हतं. हो कसं म्हणणार?

काका थांबला नाही. "मी तेका सांगलंय, बारा आणे झाडाक लागतत काय? मीच तेका हाताक धरून लाँचीत बसवलंय. एकशे सात मोजलंय ते तेका बसवल्यावर. तेव्हासुद्धा उतर म्हणूक नाय. तिकीट काढलेला होता, म्हाराजा!"

भाईशेटने मान वर केली आणि काकाकडे बघितलं. एवढं सगळं झाल्यावरही त्याच्या नजरेत मला काही वेगळं दिसलं. काका आणि आपण एकाच रांगेत उभे आहोत असं तो बघत होता.

"भाईशेटाक काय शिक्षा दिशीत ती दी," काका म्हणाला, "आणि तितकीच माका दी, म्हाराजा!"

त्याने नारळ दोन्ही हातांनी वर धरला आणि वाट बघत राहिला. मानकरी गप्प, गुरुदास गप्प, मी गप्प. भाईशेटसुद्धा गप्प. या एका वाक्याला हो म्हणून त्याला सूड उगवता आला असता, पण त्यालाही ते जमलं नाही. दुसऱ्या कुणाच्या होकाराशिवाय नारळ फुटणार नव्हता.

बायकांच्या बाजूने, खांबाजवळून, रुक्मिणीकाकी पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला. गाऱ्हाण्याला बायका मागूनच साथ देतात, पुढे येऊन एकटीने कुणी बोललेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ती काकाच्या पाठीकडे बघत, शांतपणे, एकेक अक्षर तोडून म्हणाली, "व्हय म्हाराजा."

काकाने नारळ फोडला.

साहेबांनी वहीतून मान वर केली. "त्या बाई कोण?"

"त्यांची बायको," मी म्हणालो.

"काय म्हणाल्या?"

"होय म्हणाल्या, साहेब."